आडनाव झाकण्याचे भाडे

गेल्या महिन्यात काटेवाडीजवळच्या एका वस्तीवर आम्ही तिघे कार्यकर्ते एक करार वाचायला बसलो होतो. वस्तीवरचे आमचे तात्या एका कारखान्यात ३३ वर्षे नोकरी करून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आले, त्यातले २० लाख रुपये चहा-नाश्त्याच्या एका साखळीची फ्रँचायझी घेण्यात घालायचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. पालखी मार्ग रुंद झाला, गाड्या वाढल्या, रस्त्याला लागून गाळा मिळतो आहे, कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेला. करार मात्र इंग्रजीत आणि जाडजूड. "पोरांनो, तुम्ही कागद वाचणारी माणसं. सही करायच्या आधी एकदा नजर टाका," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आम्ही सहज विचारले, "तात्या, नुसत्या नावासाठी एवढे पैसे कशाला देता? स्वतःचं हॉटेल काढा की. चहा तर काकू त्यांच्यापेक्षा चांगला करतात."

तात्या म्हणाले, "माझ्या नावाचं हॉटेल टाकलं तर चहा प्यायला येणार कोण? बोर्डावर माझं नाव नाही, तेच बरं आहे."

त्या वाक्यानंतर आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. कारण फ्रँचायझीचे फायदे सांगणारी जी भाषणे आणि माहितीपत्रके आपल्याकडे फिरतात, त्यांत तयार ब्रँड, तयार ग्राहक, मोफत प्रशिक्षण हे सगळे असते. आपला माणूस ज्या कारणासाठी फ्रँचायझीकडे ओढला जातो, ते कारण त्यात छापलेले नसते. त्याला ब्रँडच्या पाटीमागे आपले आडनाव झाकायचे असते. महिन्याच्या महिन्याला तो जी रॉयल्टी भरणार असतो, तिचा एक हिस्सा हे आडनाव झाकण्याचे भाडे असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की या भाड्याचा हिशेब आंबेडकरी समाजाने उघडपणे मांडला पाहिजे. ते आयुष्यभराच्या कमाईतून, उतारवयात भरले जाणार असेल तर नक्कीच मांडला पाहिजे.

भीती खोटी नाही

तात्यांच्या बोलण्याला न्यूनगंड म्हणून हसणाऱ्यांनी आधी इतिहास बघावा. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या माणसाने मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ल्यात खोट नव्हती. पण सल्लागाराची जात ग्राहकांना कळली आणि ग्राहक तुटले. व्यवसाय बंद पडला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आपल्या समाजातल्या सर्वांत विद्वान माणसाचा धंदा जातीने बुडवला, हे आपण विसरता कामा नये.

चहाची गोष्ट तर त्याहून जवळची आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हॉटेलाबाहेर आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवलेली असायची. पिऊन झाल्यावर ती आपणच विसळून ठेवायची. ही कपबशी पाहिलेली माणसे आजही आपल्या घरात आहेत. आज उघडपणे कोणी नाकारत नाही. फक्त पाय त्या दिशेला वळत नाहीत, आणि न वळलेल्या पायांची कुठे फिर्याद करता येत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी या दुखण्यावर नेमका घाव घातला होता. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला पैसे दिले. ‘सत्यसुधारक हॉटेल’ असे त्याचे नाव. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गंगारामांच्या पाठीशीही एक मोठे नाव उभे होते. पण महाराजांनी त्या नावाची रॉयल्टी घेतली नाही, आणि गंगारामांना आपली जात झाकायलाही सांगितले नाही. उलट सगळ्यांना माहीत असलेल्या त्या माणसाच्या हातचाच चहा प्यायला लावला. आजच्या ब्रँडने आपल्याला दिलेला आधार आणि शाहू महाराजांनी दिलेला आधार यांतला फरक हा आहे.

झाकले कोणापासून?

आता काटेवाडीच्या रस्त्यावर येऊ. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. ते बघायला लांबून माणसे येतात. कौतुकाचा सोहळा आहे, पण त्यातही कोणत्या समाजाने काय करायचे हे ठरलेलेच आहे. आपल्या गावांची रीत अशी की कोणते काम कोणाचे आणि कोण कोणाचा हे कोणी कोणाला विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते.

मग फ्रँचायझीची पाटी आडनाव झाकणार कोणापासून? सोलापूर जिल्ह्याकडे निघालेला गाडीवाला थांबला तर त्याला तात्यांचे आडनाव माहीत नाही. त्याच्यापासून झाकण्याची गरज नाही. पालखीच्या दिवशी येणारा वारकरी चहा देणाऱ्याचे आडनाव विचारत नाही. आणि उरलेले ३६४ दिवस जे गिऱ्हाईक येणार, ते गावचे आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचे. त्यांना गल्ल्यावर कोण बसले आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांच्यापासून झाकता येत नाही. म्हणजे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी झाकण नको आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे झाकण टिकत नाही. मोठ्या शहरात अनोळखी सोसायट्यांमध्ये या पाटीचा उपयोग होत असेल. आपल्याच गावाच्या वेशीवर आपण हे भाडे फुकट भरतो.

ब्रँडच्या ओढीने गावातलेही काही जण येतील, हे खरे. मालाचा दर्जा ठरलेला असतो, म्हणून परका माणूसही विश्वासाने थांबेल. ती ब्रँडची खरी किंमत आहे आणि तिचे पैसे द्यायला हरकत नाही. पण किती द्यायचे?

हिशेब मांडून बघा

आम्ही तात्यांच्या अंगणात वहीवर एक नमुना हिशेब मांडला. आकडे धरलेले आहेत. तुमच्या जागेप्रमाणे बदला, पण रीत हीच ठेवा.

२० लाख रुपये घातले असे धरू. त्यात ५ लाख फ्रँचायझी फी, ९ लाख फर्निचर आणि मशिन, ३ लाख अनामत, ३ लाख खेळते भांडवल. करार ५ वर्षांचा. रोजची विक्री, कर वगळून, ८,००० रुपये. महिन्याला झाले २,४०,०००. त्यावर ६ टक्के रॉयल्टी १४,४००. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी २,५९२. हॉटेलच्या धंद्यात जो ५ टक्क्यांनी कर भरतो त्याला या जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणून तो खर्चच समजायचा. माल कंपनीकडूनच घ्यायची अट असते. तो विक्रीच्या ४५ टक्के धरला तर १,०८,०००. गाळ्याचे भाडे २५,०००, तीन कामगारांचे पगार ३६,०००, वीज-गॅस १५,०००, किरकोळ ८,०००. सगळे वजा जाता उरतात ३१,००८ रुपये.

तात्यांचे डोळे चमकले. मग आम्ही पुढची ओळ लिहिली. फी आणि फर्निचर-मशिनचे मिळून १४ लाख पाच वर्षांत संपणार आहेत. ६० महिन्यांनी भागले तर महिन्याला २३,३३३. मशिनची थोडीफार किंमत येईल, पण त्या कंपनीच्या रंगात रंगवलेले फर्निचर दुसऱ्या कोणाच्या कामाचे नाही. ते वजा केले की उरतात ७,६७५ रुपये. हेच २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी महिन्याला सरासरी १३,६६७ रुपये घरबसल्या मिळतात. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यालाही ठरलेल्या मुदतीत पैसे भरले तर या योजनेत खाते काढता येते. म्हणजे तात्या आणि काकू पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उभे राहणार आणि काही न करता मिळाले असते त्यापेक्षा सहा हजार रुपये कमी कमावणार.

विक्री ८,००० ऐवजी ६,००० झाली तर? भाडे, पगार, वीज तेवढेच राहते. हाती उरतात २,२५६ रुपये. तेही १४ लाखांची झीज न धरता. रॉयल्टी मात्र तेव्हाही जाते, कारण ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. तुम्ही तोट्यात असलात तरी नावाचा मालक नफ्यात असतो.

सँडर्सची अर्धी गोष्ट

उतारवयात धंदा सुरू करा म्हणणारे वक्ते केएफसीच्या कर्नल सँडर्सची गोष्ट हमखास सांगतात. म्हातारपणी उभे राहिले आणि जग जिंकले! गोष्ट खरी आहे, पण अर्धी सांगितली जाते. १९५२ मध्ये पहिली फ्रँचायझी दिली तेव्हा सँडर्स ६२ वर्षांचे होते. ‘दिली’ या शब्दाकडे लक्ष द्या. कृती त्यांची, नाव त्यांचे, चेहरा त्यांचा. प्रत्येक कोंबडीमागे काही सेंट त्यांना मिळायचे. ते नाव विकत होते. आपला निवृत्त माणूस नाव विकत घेतो आहे. विकणाऱ्याच्या यशाची गोष्ट सांगून घेणाऱ्याला सही करायला लावणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि त्याच अमेरिकेत नियम आहे की फ्रँचायझी विकणाऱ्याने करार करण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ मुद्द्यांची सविस्तर माहिती लेखी द्यायची. कंपनीवर कोणते दावे चालू आहेत, किती शाखा बंद पडल्या, आधी कोणी फ्रँचायझी घेतली आणि कोण सोडून गेले, हे सगळे त्यात सांगावे लागते. आपल्याकडे फ्रँचायझी घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि सही केलेला कागद, एवढ्यावरच सगळे चालते. कागद लिहितो कोण? नावाचा मालक. तात्यांच्या करारात त्यांची कर्तव्ये पानोपानी होती, हक्क अर्ध्या पानात. वाद झाला तर लवाद कंपनीच्या शहरात. जवळच दुसरी शाखा उघडू नये, अशी अट कुठेही नव्हती.

आम्हाला वतनाची आठवण झाली. महार वतनातही जमीन नावाला आपली होती आणि राबणूक मात्र सरकारची आणि गावाची. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि मोबदला दुसरा ठरवायचा. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही वेठ तोडण्यासाठी, आणि अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. तुलना ताणायची नाही. वतन जन्माने लादलेले होते, फ्रँचायझी आपण राजीखुशीने घेतो. म्हणून तर जास्त सावध राहायला हवे. लादलेल्या वेठीविरुद्ध लढता येते. सही करून घेतलेल्या वेठीविरुद्ध कोणापुढे उभे राहणार?

हा पैसा कोणाचा आहे?

कोणी म्हणेल, धंद्यात धोका असतोच, सगळेच घेतात. पण सगळ्यांचा धोका सारखा नसतो. १९१८ च्या शेतीवरील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तो कसणाऱ्याच्या हाती भांडवल आणि साधने किती आहेत यावर ठरते. दुकानालाही हेच लागू आहे. नीरेच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शेतात पोचले त्यांच्या घरात ऊस आला, उसाच्या मागे कारखान्याचे भागभांडवल आले, त्यामागे पतसंस्था आली. अशा घरातल्या निवृत्त माणसाची फ्रँचायझी बुडाली तर एक प्रयोग फसतो. शेत राहते, भावाचे दुकान राहते. तात्यांचे २० लाख हे त्यांच्या घराण्यातले पहिले भांडवल आहे. त्याच्या मागे काही नाही. ते गेले तर नातवंडांच्या पिढीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. पस्तिशीतला माणूस बुडाला तर पुन्हा नोकरी धरतो. ६३ व्या वर्षी करार संपून रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्याला कोण उभे करणार?

मग धंदा करायचाच नाही का?

करायचा. ‘धंदा आपले काम नव्हे’ हा धडाही जातीनेच शिकवलेला आहे, आणि तो पाठ म्हणत बसणे आम्हाला मान्य नाही. व्यापाऱ्याचा मुलगा दहाव्या वर्षापासून पेढीवर बसून उधारी, माल आणि माणूस ओळखायला शिकतो. आपल्याला ती पेढी मिळाली नाही. चांगली फ्रँचायझी ती उणीव काही प्रमाणात भरून काढते, हे मान्य करायला हवे. म्हणून तिच्याकडे शाळा म्हणून बघा. शाळेत फी भरतात, शिकतात आणि बाहेर पडतात. तिथे जन्म काढत नाहीत.

या दृष्टीने काही गोष्टी आम्ही ठामपणे सांगू इच्छितो. निवृत्तीच्या पैशाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग धंद्यात घालू नका आणि राहते घर तारण ठेवू नका. भांडवल लागणारच असेल तर आधी हक्काचे दार ठोठवा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड अप इंडियात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटीच्या कर्जाची सोय होती. त्याला जोडून महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १५ टक्के मार्जिन मनीची योजना आणली, म्हणजे स्वतःचे १० टक्के आणि बँकेचे ७५ टक्के. योजना आज कोणत्या स्वरूपात चालू आहे ते बँकेत आणि समाजकल्याण कार्यालयात विचारा, आणि नकार दिला तर तो लेखी मागा. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या डिक्कीसारख्या संस्थेशी आपली वैचारिक मते जुळोत न जुळोत, धंद्याचा अनुभव असलेल्या आपल्या माणसांना भेटायला काय हरकत आहे?

कंपनीकडे चालू शाखांचे नव्हे, बंद पडलेल्या शाखांचे पत्ते मागा आणि त्या माणसांना जाऊन भेटा. करार मराठीतून समजून घेतल्याशिवाय सही करू नका. मध्येच सोडायचे झाले तर काय, हे कलम सर्वांत आधी वाचा. गल्ल्यावर घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी बसणार असेल तरच पुढे जा, कारण शिकलेले त्यांच्या कामी येणार आहे.

आणि एक गोष्ट कडू आहे, तरी बोललीच पाहिजे. पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी याही एका अर्थाने फ्रँचायझीच. त्यांत सरकारी तेल कंपन्या अनुसूचित जाती-जमातींसाठी २२.५ टक्के राखीव जागा ठेवतात. तिथे कागदावर नाव आपल्या माणसाचे आणि पैसा, ताबा, नफा दुसऱ्याचा असे प्रकार आपण पाहतो. चहाच्या पाटीवर आपण आपले नाव झाकायला पैसे देतो, आणि पंपाच्या कागदावर आपले नाव वापरू देऊन चार पैसे घेतो. दोन्हीकडे धनी वेगळाच. महिन्याच्या ठरीव रकमेवर आपल्या हक्काची सही विकणाऱ्याने समाजातल्या एका खऱ्या उद्योजकाची जागा मारलेली असते.

गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय जातीमुळे बंद पडला, त्यानंतर बाबासाहेबांनी काय केले? दुसऱ्याच्या नावाआड ते लपले नाहीत. १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले आणि १९२७ मध्ये ज्या शब्दाने जग आपल्याला बाहेर ठेवत होते तोच शब्द पत्राच्या कपाळावर लिहिला, ‘बहिष्कृत भारत’. ग्राहक तुटतील या भीतीला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात राजा आला होता. आज राजा नाही, पण आपण आहोत. काटेवाडी, भवानीनगर, बारामती, इंदापूर या पट्ट्यात आपली किती माणसे रोज बाहेर चहा पितात? जयंतीला, मोर्चाला, लग्नाला किती रुपयांचा नाश्ता आपण बाहेरून मागवतो? त्यातला अर्धा जरी आपल्या माणसाच्या गल्ल्यात गेला, तर त्याला कोणाची पाटी भाड्याने घ्यावी लागणार नाही. समाजाने पाठ फिरवायची आणि मग तो ब्रँडच्या मागे का लपतो म्हणून विचारायचे, हे चालणार नाही.

तात्यांनी अजून सही केलेली नाही. कंपनीच्या माणसाकडे त्यांनी बंद पडलेल्या शाखांची यादी मागितली आहे, आणि तेव्हापासून त्याचा फोन आलेला नाही. त्यांची मुलगी बारामतीत हिशेबनिसाचे काम करते. चार लाखांत स्वतःची टपरी कशी उभी राहील, याचा हिशेब ती मांडते आहे. पाटीवर काय लिहायचे यावर घरात वाद चालू आहे. तात्यांना अजून धीर होत नाही. काकू म्हणतात, "लिहायचं असेल तर आपलंच लिहा, नाहीतर पाटीच नको."

जय भीम!